मांजराला उजेड, नानांना अंधार : जिन्यातला सेन्सर नक्की ओळखतो तरी काय?

जिना चौथा | ८ मे, रात्री १०:१२

आमची इमारत ठाण्यात, घंटाळीजवळ. जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. कॉमन मीटरचं बिल फार येतं म्हणून कमिटीने एप्रिलमध्ये जिन्यातले सगळे दिवे काढून सेन्सरवाले बसवले. माणूस आला की लागणार, गेला की मिनिटभरात विझणार. बिल खरंच उतरलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं सासऱ्यांचं आहे. नाना ८१ वर्षांचे. संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर मारून आठच्या सुमारास परततात. कठडा धरून, एकेक पायरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला दिवा त्यांच्यासाठी लागतच नाही. मी भराभर गेले की लागतो. पेपरवाला आला की लागतो. परवा तर नाना अंधारात उभे असताना वरच्या लँडिंगवरून मांजर आडवं गेलं आणि लख्ख उजेड पडला. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "मांजराला उजेड, मला अंधार. त्या यंत्राच्या लेखी मी गेलेलोच दिसतोय."

सगळे हसलो, पण मला ते लागलं. वायरमनला बोलावलं. त्याने खाली उभं राहून हात हलवला, दिवा लागला, "चालू आहे की ताई" म्हणाला आणि गेला.

तर हे यंत्र नक्की काय ओळखतं? माणूस? हालचाल? वजन? मी कॉमर्सची आहे, बेताने सांगा.

---

तिखटजाळ | ८ मे, रात्री १०:३०

मांजर सभासद असेल हो. मेंटेनन्स वेळेवर भरत असेल.

(दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या. सेन्सरवाला नको, साधा.)

---

आद्य शंकेखोर | ८ मे, रात्री १०:४१

हे सेन्सर सतत किरण सोडत असतात असं ऐकलंय. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर चोवीस तास असली यंत्रं लावणं बरं का, हाही प्रश्न आहे.

---

अर्धवट सर्किट | ९ मे, सकाळी ७:५५

शंकेखोर, जिन्यात असतात ते बहुतेक सेन्सर काहीही सोडत नाहीत. ते फक्त घेतात. त्यांचं पूर्ण नाव पॅसिव्ह इन्फ्रारेड, आणि पॅसिव्हचा अर्थच तो.

जिना चौथा ताई, सविस्तर लिहितो, ऑफिसची बस यायला वेळ आहे.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार उष्णतेचे किरण सोडत असते. भिंत, कठडा, मांजर, नाना, सगळेच. आपल्या डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या लहरी दिसतात. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या लहरींचा जोर असतो ९-१० मायक्रॉनच्या आसपास. आपण सगळे अंधारातही उजळलेले असतो, फक्त ते बघणारा डोळा आपल्याकडे नाही.

सेन्सरच्या आत एका खास स्फटिकाच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. या स्फटिकाचा गुण असा की त्याचं तापमान *बदललं* की त्याच्या पृष्ठभागावर किंचित विद्युतभार जमतो. बदललं की. तापमान जिथल्या तिथे राहिलं, मग ते २० असो की ४०, तर काहीच नाही. वर दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात. म्हणजे अख्खा जिना हळूहळू तापला तर दोघींवर सारखाच परिणाम होऊन वजाबाकी शून्य. एकीवर आधी आणि दुसरीवर नंतर ऊब पडली, तरच सिग्नल.

आता ती वरची दुधी, खवलेदार टोपी. ती नुसतं झाकण नाही, भिंगांचा गुच्छ आहे. तिच्यामुळे समोरची जागा कलिंगडाच्या फोडींसारखी वाटली जाते. एका फोडीतलं सेन्सरला दिसतं, मधल्या फटीतलं दिसत नाही, पुढच्या फोडीतलं पुन्हा दिसतं. तुम्ही फोडी *आडव्या* ओलांडल्यात की पट्ट्यांवर ऊब-गार-ऊब असा झोका बसतो आणि दिवा लागतो. तुम्ही थेट सेन्सरच्याच दिशेने चालत आलात तर बराच वेळ एकाच फोडीत राहता. झोका बसतच नाही.

त्यात नानांची चाल. पट्टीवर जमलेला भार टिकत नाही, झिरपून जातो. गळक्या बादलीत थेंब थेंब पाणी टाकल्यासारखं. भराभर टाकलं तर बादली भरते, सावकाश टाकलं तर कधीच नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मे महिना. माणसाची उघडी कातडी ३३-३४ अंशांची. भिंतच ३४ अंशांवर तापलेली असेल तर सेन्सरच्या दृष्टीने नाना भिंतीत विरघळले.

दोन गोष्टी सांगा. सेन्सर पायऱ्यांच्या समोर आहे की बाजूला? आणि ती भिंत कुठल्या दिशेची?

---

जिना चौथा | ९ मे, दुपारी १:२०

सर्किट, डबा खाता खाता वाचलं आणि घास हातातच राहिला. सेन्सर वरच्या लँडिंगच्या छताशी, पायऱ्यांच्या अगदी नाकासमोर. म्हणजे नाना त्याच्याकडे तोंड करून, सरळ रेषेत, हळूहळू चढतात. भिंत पश्चिमेची. रात्री आठलाही हात लावला तर गरम लागते. मांजर लँडिंगवरून आडवं जातं. तिन्ही गुन्हे सिद्ध.

---

आद्य शंकेखोर | ९ मे, दुपारी २:०५

पण मांजराच्या अंगावर दाट केस असतात. म्हणजे ते बाहेरून गारच दिसायला हवं.

---

अर्धवट सर्किट | ९ मे, सायंकाळी ६:४८

रास्त शंका. केसाळ पाठ माणसाच्या कातडीपेक्षा गारच दिसते. पण तोंड, कान, पोट उघडं असतं, मांजर सेन्सरच्या अगदी जवळून गेलं आणि पळत गेलं. सेन्सरला 'किती गरम' याच्याशी देणंघेणं कमी, 'किती झटकन फरक पडला' याच्याशी जास्त. आणि शेजारची वस्तू गरम असली आणि येणारी गार असली तरी चालतं. फरक उलट्या दिशेचा असला तरी तो फरकच.

जाता जाता: यांच्यासमोर साधी काच आडवी आली की हे आंधळे. दहा मायक्रॉनच्या लहरी खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत. टोपी पातळ पॉलिथिनची असते, तिच्यातून होतात. आमच्या कळव्याच्या सोसायटीत रंगकाम करणाऱ्याने भिंतीबरोबर टोप्याही रंगवल्या होत्या. सगळे नवीन सेन्सर एका दिवसात गेले म्हणून कमिटी दुकानदाराशी भांडायला निघाली होती.

---

तिखटजाळ | ९ मे, सायंकाळी ७:०२

ऑफिसच्या टॉयलेटमध्ये स्वस्थ बसलं की दिवा जातो आणि हात वर करून नाचावं लागतं, त्याचं कारण आज कळलं. मला वाटायचं एचआरचा काही डाव आहे.

---

चारपासून वीस | ९ मे, रात्री ९:३३

मी ऐरोलीत राहतो. ३४ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून काढली, आता निवृत्त. सर्किट यांनी छान लिहिलंय. माझी एक जुनी जखम सांगतो, कारण नानांची गोष्ट वाचून तीच आठवली.

कारखान्यातल्या टाकीत द्रव किती आहे हे बघायला कुणी झाकण उघडून डोकावत नाही. टाकीच्या तळाशी ट्रान्समीटर लावलेला असतो. त्याच्या आत स्टीलचा पातळ पडदा. वरच्या द्रवाच्या वजनाने पडदा केसाच्याही अंशाने दबतो, आणि त्या दबण्यावरून आपण पातळी काढतो. १ मीटर पाणी म्हणजे साधारण ०.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब. हिशोब सोपा. ऑपरेटर मात्र पॅनेलवर बघून "लेव्हल ८० टक्के" म्हणतो. लेव्हल कुणीच मोजलेली नसते. मोजलेला असतो दाब.

९०च्या दशकातली गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. ५ मीटर उंचीची टाकी, ट्रान्समीटर पाण्यावर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे आत पाणीच आहे असं धरून आकडे जुळवलेला. नंतर त्या टाकीत पाण्याऐवजी एक सॉल्व्हंट भरायचं ठरलं, घनता ०.८. प्रॉडक्शनवाल्यांनी टाकी धुतली, भरायला सुरुवात केली, आम्हाला कुणी कळवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही, टाकी धुताना तिथून दोनदा गेलो होतो. द्रव हलका म्हणून दाबही कमी. टाकी काठोकाठ ५ मीटर भरली तेव्हा पॅनेलवर ४ मीटर, म्हणजे ८० टक्के. ऑपरेटरने पंप चालू ठेवला. त्याचं काय चुकलं? रात्री दोनला मला घरून उचलून नेलं तेव्हा टाकीभोवतीच्या बांधात घोटाभर सॉल्व्हंट उभा होता आणि सगळे एकमेकांना बॅटरीसुद्धा पेटवू नका म्हणून ओरडत होते. ठिणगी पडली नाही, नशीब. ट्रान्समीटर काढून बेंचवर तपासला. एक टक्क्याचीही चूक नव्हती त्याच्यात.

ताई, तुमच्या वायरमननेही दिवा बेंचवर तपासला तसाच तपासला. नाना चढतात तसं चढून बघितलं नाही.

---

रबाळे लोकल | ९ मे, रात्री १०:१०

काका, अंगावर काटा आला. आयडी 'चारपासून वीस' का हो?

---

चारपासून वीस | १० मे, सकाळी ६:१५

४ ते २० मिलीअँपिअर. सेन्सर शेतात, म्हणजे आमच्या भाषेत 'फील्ड'मध्ये, कंट्रोल रूम दोनशे मीटर दूर. वायरवरून निरोप जातो तो करंटच्या रूपात. टाकी रिकामी तर ४, भरलेली तर २०, अर्धी तर १२.

नवीन पोरं विचारायची, काका, रिकामी म्हणजे सरळ ० का नाही? तर ० राखून ठेवलाय. पॅनेलवर ० आला याचा अर्थ वायर तुटली, उंदराने कुरतडली, किंवा ट्रान्समीटर मेला. 'माझ्याकडे सांगायला काही नाही' आणि 'मी बोलूच शकत नाही' हे दोन निरोप वेगळे असले पाहिजेत.

जिन्यातल्या दिव्यात नेमकं तेच नाही. कुणी नाही म्हणून अंधार, आणि सेन्सरला कळलं नाही म्हणूनही अंधार. नानांना खालून काय कळणार कुठला अंधार आहे तो? म्हणून माझं मत, सेन्सर कितीही चांगला लावा, त्या लँडिंगवर ३ वॅटचा एक दिवा रात्रभर जळू द्या. १२ तास धरले तरी महिन्याला जेमतेम एक युनिट.

---

रुळावरचा | १० मे, दुपारी ३:४०

काकांना सलाम. आमच्याकडे रेल्वेत हेच तत्त्व आणखी एक पायरी पुढे नेलेलं आहे.

पावसाळ्यात ठाणे-कुर्ल्याच्या मध्ये पाणी भरलं की 'सिग्नल बिघाड' ऐकून लोक आम्हाला शिव्या घालतात. त्यातले बरेचसे बिघाड बिघाड नसतात. रुळांचे तुकडे विजेच्या दृष्टीने वेगळे केलेले असतात. तुकड्याच्या एका टोकाला छोटासा विद्युतपुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा खटका. करंट एका रुळातून जातो, रिलेला ओढून धरतो, दुसऱ्या रुळातून परततो. रिले ओढलेला म्हणजे मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, करंट तिथूनच मागे फिरतो, रिले सुटतो, सिग्नल लाल. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी हे १८७२मध्ये बसवलं.

आता बघा, रूळ तुटला, रिले सुटला, लाल. पुरवठा गेला, लाल. वायर चोरीला गेली, लाल. खडी पाण्यात बुडून करंट एका रुळातून दुसऱ्यात झिरपला, लाल. सेन्सरला गाडी आणि पाणी यांत फरक करता येत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी गाडीच आहे असं धरून चालतो. हे मुद्दाम. चूक व्हायचीच असेल तर ती तुम्हाला उशीर करणारी असावी, दुसऱ्या गाडीवर नेऊन घालणारी नव्हे.

जिन्यात लावायचं तर शंका आली की दिवा *लागला* पाहिजे. बिल वाढेल.

---

रबाळे लोकल | १० मे, दुपारी ४:०२

म्हणजे मागच्या जुलैत मी मुंब्र्याजवळ दोन तास ज्या गाडीची वाट बघत होतो ती गाडी नव्हतीच, डबकं होतं.

---

रुळावरचा | १० मे, दुपारी ४:२६

शक्य आहे. आता बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारी यंत्रं बसली आहेत. रुळाशेजारी डोकं लावलेलं असतं, चाकाचं लोखंड जवळून गेलं की त्याचं चुंबकीय क्षेत्र बदलतं. तुकड्यात शिरली तेवढी चाकं बाहेर पडली का, एवढाच हिशोब.

---

सीवूड्सवाली | ११ मे, सकाळी ११:१८

हा धागा वाचून मी काल रात्री स्टुलावर चढले, आणि ते तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

आमच्याकडे सिलेंडर होता तेव्हा नवऱ्याने गॅस गळतीचा अलार्म आणला होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर, सिलेंडरच्या बाजूला लावला. तीन वर्षांपूर्वी पाइप गॅस आला. सिलेंडर गेला, ओटा बदलला, टाइल्स बदलल्या. अलार्म तिथेच. हिरवा लाइट जळतोय, आम्ही निर्धास्त.

दीर केमिकलवाले. रविवारी जेवायला आले होते, खाली वाकून म्हणाले, "वहिनी, हा कुणासाठी आहे? झुरळांसाठी?" मग समजावलं. सिलेंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेपेक्षा जड. हवेचा रेणुभार सरासरी २९, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. गळला की जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, म्हणून अलार्म खाली. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, १६. तो गळला की थेट छताकडे. आमचा अलार्म जमिनीवर बसून जड गॅसची वाट बघत होता, आणि आला असता तर हलका गॅस वरून गेला असता.

शिवाय वर सरकवून भागत नाही. अलार्म कुठल्या गॅससाठी बनवलाय आणि किती प्रमाणाला वाजायचा हे ठरवलेलं असतं, ते मागच्या पट्टीवर वाचा. आम्ही नवीन आणला, छतापासून फूटभर खाली लावला. ज्यांच्याकडे पाइपलाइन आली आहे त्यांनी आज घरी जाऊन बघा. उद्या नको.

---

जिना चौथा | ११ मे, दुपारी १२:०५

आमचाही खालीच आहे. निघाले.

---

पाचपाखाडी पूर्व | ११ मे, दुपारी १२:३१

आमचाही. आणि वर त्याच्यापुढे तांदळाचा डबा ठेवलेला.

---

तिखटजाळ | ११ मे, दुपारी १:१५

आमचा अलार्म झुरळांचा फवारा मारला की बोंबलतो, बायकोने सेंट मारलं की बोंबलतो, खरा गॅस कधी गळलाच नाही. नाक बरं की राव.

---

अर्धवट सर्किट | ११ मे, रात्री ८:५०

बोंबलणारच. त्याच्या आत टिन ऑक्साइडचा कण तापवून ठेवलेला असतो, म्हणून अलार्मला हात लावला तर कोमट लागतो. तापलेल्या कणाच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे वीज नीट वाहत नाही. जळणारा कुठलाही वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घसरतो, अलार्म वाजतो. मिथेन असो, प्रोपेन असो, सेंटातलं अल्कोहोल असो, कणाला सगळे 'ऑक्सिजन पळवणारे' म्हणून सारखेच. जपानचे नाओयोशी तागुची यांनी १९६२मध्ये याचं पेटंट घेतलं. तिथेही सिलेंडरच्या गळतीने घरं उडत होती.

नाकाबद्दल म्हणाल तर शुद्ध प्रोपेन किंवा मिथेनला वासच नाही. गंधकयुक्त मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात ते नाकासाठीच. पण नाक थोड्या वेळात त्याच वासाला सरावतं. तेही आपल्या जिन्यातल्या पट्टीसारखंच, बदल कळतो, कायम असलेलं कळेनासं होतं. बाहेरून आलेल्या माणसाला वास येतो आणि घरातले "कुठे काय?" म्हणतात ते यामुळे. बाहेरच्याचं ऐका.

---

रात्रपाळी | १२ मे, पहाटे ४:२०

मी नर्स. सर्किट यांच्या पोस्टला जोडून एक गोष्ट, कारण हिवाळ्यात असे पेशंट आम्ही पाहतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद. जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, आणि स्वयंपाकघरातला गॅस अलार्म याच्यासाठी नसतो. पेशंट गुंगीत येतो, नातेवाईक घरचा ऑक्सिमीटर लावून दाखवतात, "९८ आहे की सिस्टर!" ऑक्सिमीटर बोटातून दोन रंगांचा प्रकाश पाठवतो, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड, आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून आकडा काढतो. म्हणजे रक्ताचा रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटल्यासारखंच लालभडक दिसतं. आकडा उत्तम, माणूस गुदमरतोय.

असं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग हॉस्पिटल. आकड्याशी वाद घालत बसू नका. आणि हो, गडद नेलपॉलिश काढून मग बोट घाला. ड्युटी संपत आली, चहा.

---

बाविसावा मजला | १२ मे, सकाळी ९:४५

वातावरण फार गंभीर झालं, थोडा गंमतीचा प्रयोग.

घोडबंदर रोडला आमचा टॉवर. मुलाच्या फोनमध्ये बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे, तपासण्याचं ॲप घेतलं. लिफ्टने तळमजल्यावरून निघालो तेव्हा १००५.८ हेक्टोपास्कल, घरी पोचलो तेव्हा ९९८.७. मुलगा म्हणाला, बाबा, ७.१ चा फरक, आपल्याकडच्या उकाड्यात १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण पावणेनऊ मीटर, म्हणजे ६२ मीटर. २२ मजले, प्रत्येकी साधारण २.८ मीटर. जमलं! फोनच्या आत एवढासा पडदा, काकांच्या टाकीखालचाच धाकटा भाऊ. आपण हवेच्या टाकीच्या तळाशी राहतो, एवढंच.

---

आद्य शंकेखोर | १२ मे, सकाळी १०:१२

हाच फोन टेबलावर ठेवा आणि वादळ येऊ द्या. हवेचा दाब उतरेल आणि फोनला वाटेल आपण पंचविसाव्या मजल्यावर गेलो.

---

बाविसावा मजला | १२ मे, सकाळी १०:२०

तीन मजले वाढवून मिळत असतील तर वादळ येऊ द्या. इथे भाव चौरस फुटावर आहे.

---

तिखटजाळ | १२ मे, दुपारी २:००

एक मूलभूत प्रश्न. कुकरची शिट्टी सेन्सर आहे का? आमच्याकडे यावरून काल वाद झाला आणि भाकरी करपली.

---

अर्धवट सर्किट | १२ मे, दुपारी २:३७

पुस्तकी उत्तर: बाहेरचा बदल घेऊन त्याचा *निरोप* करणारा तो सेन्सर. निरोप विजेचाच हवा असं नाही. पाऱ्याचा थर्मामीटर विजेविना चालायचाच. शिट्टीचं वजन वाफेने उचललं जातं ते साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर जादा दाबाला, तेव्हा आत १२० अंश असतं. दाब ओळखला, आवाज केला, आणि स्वतःच वाफ सोडून दाब उतरवला. मी तर म्हणेन सेन्सर आणि व्हॉल्व्ह एकाच देहात.

राइस कुकर त्याहून भारी. तळाशी एक चुंबक असतो, तो १०० अंशांच्या थोडं वर गेला की चुंबकत्व गमावतो आणि स्प्रिंग बटण पाडते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० च्या वर जातच नाही. पाणी आटलं की चढतो. भात झाला हे त्याने ओळखलं पाणी संपल्यावरून.

---

पाचपाखाडी पूर्व | १२ मे, दुपारी ३:०८

आमची आई तीन शिट्ट्यांनंतर झाकणाजवळ नाक नेऊन सांगते, "तुरीची अजून कच्ची आहे." हे कुठल्या अंशांवर चालतं?

---

तिखटजाळ | १२ मे, दुपारी ३:११

आईला कॅलिब्रेट करायला जाऊ नका. अनुभव आहे.

---

जिना चौथा | १५ जून, रात्री ९:०५

धागा वर काढतेय.

सेन्सर हलवला. सर्किट यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) सुचवलं तसा पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर घेतला, म्हणजे चढणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जातो. वायरमनला या वेळी नुसता हात हलवू दिला नाही. कठडा धरून, नानांच्या चालीने, तीनदा चढायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, असं कुणी टेस्ट करत नाही." दिवा तीनही वेळा लागला.

काकांचा ३ वॅटचा दिवा मात्र कमिटीत अडकला होता. महिन्याला एक युनिट या विषयावर पन्नास मिनिटं चर्चा झाली, चहा-बिस्किटांचा खर्च त्याहून जास्त. शेवटी मंजूर. आता लँडिंगवर रात्रभर मंद उजेड असतो.

गॅसचा अलार्म बदलला. शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं, तिन्ही घरांत खालीच होता.

---

आद्य शंकेखोर | १५ जून, रात्री ९:२२

अभिनंदन. पण मधल्या काळात पाऊस सुरू झालाय. पश्चिमेची भिंत गार पडली असणार. दिवा सेन्सर हलवल्यामुळे लागतोय की पावसामुळे, हे कसं ठरवलंत?

---

अर्धवट सर्किट | १५ जून, रात्री ९:२५

शंकेखोर, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

जिना चौथा | १५ जून, रात्री ९:४०

नाही ठरवलं. पुढच्या मेमध्ये भिंत तापली की नानांना पुन्हा चढायला सांगेन आणि इथे लिहीन. तोवर ३ वॅटवाला आहेच.

नानांना सगळं समजावून सांगितलं, फोडी, पट्ट्या, आडवं जाणं. लक्षपूर्वक ऐकलं. आता दिवा आपोआप लागतो, तरी दुसऱ्या मजल्यावर पोचले की थांबतात, मिटलेली छत्री दोनदा आडवी हलवतात आणि मगच पुढे चढतात.

---

चारपासून वीस | १५ जून, रात्री ९:५८

हलवू द्या. मी ३४ वर्षं पॅनेलला टिचकी मारल्याशिवाय रीडिंग लिहिलं नाही.